मुल्लैत्तीवूसाठी गाऱ्हाणे

फाल्गुनाचे ऊन वेंगुर्ल्याच्या खाडीवर उतरले होते. काजूच्या मोहराचा मंद-मादक गंध, पांगाऱ्याची रक्तवर्ण फुले, सुवर्णधूसर वाळू. आणि त्या साऱ्या वर्णोत्सवात भाऊ तिरोडकरांना एकच रंग दिसत होता. माघात आलेल्या एका पत्राच्या निळ्या शाईचा. ते अजून अनुत्तरित होते.

पत्र चेन्नईहून आले होते, कुमुदिनीचे. तिचे वडील नागलिंगम् श्रीलंकेतल्या जाफन्यात ग्रंथपाल, भाऊ वेंगुर्ल्यात ग्रंथपाल. तीस वर्षे त्या दोघांनी एकमेकांना ताडपत्रांविषयी लिहिले, वाळवीविषयी लिहिले, पावसाविषयी लिहिले. भेटले मात्र कधीच नाहीत. नागलिंगम् गेले. आता त्यांची लेक लिहीत होती.

‘काका, माझा भाऊ, वहिनी आणि त्यांच्या दोन मुली मुल्लैत्तीवूच्या किनाऱ्यावर अडकली आहेत. एकीकडे खाजण, दुसरीकडे समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर लाखभर तमिळ माणसे. सैन्य तोफा डागते, बंडखोर बाहेर पडू देत नाहीत. तुम्ही लिहू शकता. संयुक्त राष्ट्रांना लिहा, दिल्लीला लिहा. जगाने दटावले तरच हे थांबेल.’

तुम्ही लिहू शकता! भाऊंनी लिहिले. लिहिले आणि खोडले. शब्द पारखले, सनावळ्या तपासल्या, तळटीपा जोडल्या. कोण मी, कुठला मी, जगाला सांगणारा? अर्ज पुरा होईना. आणि अर्ज गेल्यावाचून त्या पोरीला कोणत्या तोंडाने उत्तर लिहावे? दिवस गळत राहिले. तिकडे तोफा, इकडे तळटीपा.

शिमग्याची सकाळ झाली. होळीच्या मांडावर गाव जमले. सगुण राऊळाने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणे घातले. एकाने गावासाठी मागायचे, साऱ्यांनी हुंकार द्यायचा, ही तिथली रीत. मागून झाल्यावर त्याची नजर भाऊंच्या काखेतल्या कागदांवर गेली.

“भाऊनू, पत्रिका कोणाची? ह्या वयात लगीन ठरला की काय?”

मांड हसला. भाऊ कानापर्यंत लाल झाले. मग कसे कोण जाणे, त्यांनी त्या पत्रातले सारे सांगितले आणि अर्ज वाचला. एक पान इतिहासाचे. दुसरे पान इतिहासाचे. तिसरे तळटीपांचे.

“आणि मागणा खंय असा?” सगुणाने विचारले.

“मागणे... येईलच पुढे.”

“येयपर्यंत देव निजलो तुमचो! आमी पयला मागतंव, भाऊनू.”

भाऊंनी पाने चाळली. खरेच. तीन पानांत मागणे नव्हते.

मासेवाली सुंदरा टोपली खाली ठेवत म्हणाली, “दर्याच्या काठार असत ना ती माणसां? मगे बोटी धाडूक सांगा की तेंका!”

“सगुणा,” भाऊ म्हणाले, “तूच मागतोस का? मी लिहून घेतो.”

सगुणाने पुन्हा नारळ उचलला. आवाज चढला, घंटेसारखा घुमला.

“बा देवा म्हाराजा! वाळयेत अडाकल्यांवरची तोफ बंद कर!”

“व्हय म्हाराजा!”

“जखमींका, लेकरांका न्हेवक बोटी धाड!”

“व्हय म्हाराजा!”

“जे तेंची वाट अडवतत, तेंका बाजूक कर! जगातल्या थोरामोठ्यांका मधी घाल!”

“व्हय म्हाराजा!”

भाऊंनी लिहिले. चारच ओळी, खोडाखोड नाही. खाली सह्या उमटल्या, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे गुलालात बुडवलेले अंगठे. पांगाऱ्याच्या पाकळ्यांसारखे अंगठे. पान भरले, पाठ भरली.

टपालकचेरीत भाऊंनी त्याच्या दोन प्रती पाकिटांत घातल्या. एक संयुक्त राष्ट्रांना, एक दिल्लीला. मग फळीला टेकून, उभ्याउभ्याच, कुमुदिनीला चार शब्द लिहिले. ‘मुली, उशीर केला, क्षमा कर. आज माझ्या गावाने तुझ्या माणसांसाठी मागितले. उत्तर आले नाही तर पुन्हा मागू. भावाचे काही कळले की लगेच कळव.’

तिन्ही पाकिटे लाल पेटीच्या तोंडातून आत गेली. आत, तळाशी, एक हलका आवाज झाला. भाऊ बाहेर आले. खाडीत भरती चढत होती, संथ, निःशब्द. आणि चिखलात आडवी पडलेली एक होडी आधी हलली, मग सरळ झाली, मग तरंगू लागली.