एकाचे त्रेचाळीस

लूथर हॅस्किन्सचा फायदा सरळ होता. नोव्हेंबरात शेरीफची निवडणूक, आणि गेल्या खेपेला तो एकसष्ट मतांनी कसाबसा तरला होता. झेंडा जाळणाऱ्या बाईला बेड्या घालणारा शेरीफ कॅन्ससमधल्या आमच्या गावात पडत नाही.

बाई म्हणजे व्हर्ना टटल. तिचा मुलगा डेल लढाईत गेला, त्याच्या शवपेटीवरचा झेंडा सैन्याने तिला त्रिकोणी घडी घालून दिला होता. अकरा वर्षं तो फडताळावर होता. यंदा जूनमध्ये तिने तो कोर्टाच्या पायऱ्यांवर जाळला.

आमच्याकडे हा गुन्हा नाही. झेंडा जाळणं हेही बोलणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने कधीच सांगून टाकलंय. लूथरला ते पाठ होतं. म्हणून त्याने कलम लावलं ते दुष्काळात विनापरवाना उघड्यावर आग लावल्याचं. साक्षीदार मी, माजी सैनिकांच्या मंडळाचा प्रमुख.

तिच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, "ऑरिनसाहेब, फाटक्या झेंड्यांचं तुम्ही काय करता?"

"जाळतो. दर चौदा जूनला, झेंडादिनी, मंडळाच्या हॉलमागच्या पिंपात. रीतच आहे ती."

"यंदा परवाना काढलात?"

लूथर बुटांकडे बघू लागला.

"नाही," मी म्हणालो. "पण आम्ही सलाम करून जाळतो."

"मग मी काय शेकोटी केली होती, ऑरिन?" व्हर्ना जागेवरूनच म्हणाली. "डेल कशासाठी गेला, ते अकरा वर्षांत एकाने सांगितलं नाही. कुठेही बसले तरी तो त्रिकोण माझ्याकडे बघायचा."

ती सुटली. आमचं पिंप मात्र परवान्याअभावी बंद झालं. फाटके झेंडे हॉलमध्ये खोक्यांत साठले.

मग एका सकाळी व्हर्नाच्या ओसरीवर एक झेंडा दिसला. त्रिकोणी घडी, कोपरे चोख. दुसऱ्या दिवशी आणखी एक. पुढे गावाला सवयच लागली: फाटका झेंडा व्हर्नाकडे, ती जाळेल.

ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो. फडताळ, खुर्च्या, डेलची खाट, सगळीकडे त्रिकोण. ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"जाळून टाक की. तुला कोण अडवतंय?"

"डेलचा होता तो माझा होता रे. हे कुणाकुणाचे आहेत, काय ठाऊक? सगळे बघतात, ऑरिन. वळू नकोस."

मी वळलो नाही.

लूथर एकशे चौदा मतांनी आला. वकिलाचं नाव झालं. कायद्याला ओरखडा नाही. भरलं ते व्हर्नाने, एका झेंड्याचे त्रेचाळीस. त्यातला पहिला माझ्या हातचा.