पंचवीस फुटांच्या आत

"मतदानाच्या दिवशी ही गाडी केंद्राच्या दारातच उभी करायची," हार्लन म्हणाला. "आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी हीच दिसली पाहिजे. मग बघू कोण नाही म्हणतं ते."

हार्लन स्टकी म्हणजे आमच्या टर्नी क्रीकचा फायर चीफ. बिनपगारी. पगार नाही, पण टोपी आहे. आम्ही सगळेच बिनपगारी. मी लाकडाच्या गिरणीत काम करतो आणि आग लागली की करवत टाकून बंब चालवायला पळतो. त्या रात्री मात्र आग नव्हती, चिली होती. दर मार्चमध्ये आम्ही बंबाच्या शेडमध्ये पातेलंभर चिली, म्हणजे खिमा-बीन्सचा तिखट रस्सा, शिजवतो, गाव ती खातं आणि डब्यात नोटा टाकतं. त्या नोटांतून हा बंब घेतलेला, म्हणून सरकारचा त्याच्यावर काडीचा हक्क नाही. त्याच जोरावर हार्लनने सकाळीच बंबाच्या दोन्ही अंगांवर हातभर उंचीच्या पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: प्रस्ताव एक, होय म्हणा.

पलीकडच्या टेबलावर टीगबाईंनी तोंड पुसलं. टीगबाईंनी आम्हा सगळ्यांना तिसरीत शिकवलंय. आता त्या मतदान केंद्राच्या प्रमुख.

"हार्लन, मतदान केंद्र कुठे असतं?"

"इथेच, बाई. या शेडमध्ये."

"आणि प्रचाराची पाटी केंद्राच्या दारापासून किती लांब ठेवायची असते?"

हार्लनने माझ्याकडे बघितलं. तिसरीतही तो असाच बघायचा, आणि तेव्हाही मला उत्तर येत नसे.

"पंचवीस फूट," टीगबाई म्हणाल्या. "मतदान सुरू व्हायच्या आत हा बंब बाहेर. आणि मतदान संपेपर्यंत आत यायचा नाही."

हार्लन म्हणाला, त्यात काय, पुसून टाकतो. तेवढ्यात दारापाशी बसलेला रॉइस पिटमन खोकला. गावातलं एकमेव दुकान रॉइसचं. खिळे, कोंबड्यांचं खाद्य, रंग, सगळं तिथेच. रॉइस शांतपणे म्हणाला की, पावसात जाणार नाही असा रंग दे, हे हार्लननेच मागितलं होतं. तो रंग आता पावसात काय, कशातही जायचा नाही.

प्रस्ताव असा होता: गावात जे विकलं जाईल त्यावर डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकर, आणि तो सगळा बंबासाठी आणि अँब्युलन्ससाठी. आमची स्वतःची अँब्युलन्स दोन वर्षांपूर्वी बंद पडली. तेव्हापासून ती शेजारच्या काउंटीतून येते, म्हणजे तिला यावंसं वाटलं तर येते. गेल्या हिवाळ्यात हार्लनची बायको नेडीन पोटात कळ येऊन स्वयंपाकघरात आडवी झाली. अँब्युलन्स यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आमचे चीफ टोपी घालून तिच्याशेजारी फरशीवर बसून होते. बायकोचा हात धरण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. पित्ताचे खडे निघाले, नेडीन वाचली. पण तेव्हापासून हार्लन रात्री झोपेतून उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघतो. असं ती सांगते, आणि वैतागून सांगते.

रॉइसचा प्रस्तावाला विरोध होता, पण तोही काही वाईट मनाचा नव्हता. त्याचं म्हणणं, कर वाढला की लोक शेजारच्या काउंटीत जाऊन खाद्य घेतील. हिशोब कुणीही करून बघावा, पोत्यावर वाचणार काही पैसे आणि पेट्रोल जाळणार चार डॉलरचं. पण आमची माणसं रॉइसला बरोबर ठाऊक होती. ती गेली असती.

मतदानाच्या दिवशी सकाळी टीगबाईंनी स्वतः फीत लावून अंतर मोजलं आणि चुन्याची रेघ मारली. रेघेबाहेर आमचा बंब, त्यावर 'होय'. त्याच्या शेजारी रॉइसची पिकअप, तिच्यावर ताडपत्री बांधलेली आणि ताडपत्रीवर एवढं मोठं 'नाही'. दोघं जण सकाळपासून शेजारीशेजारी खुर्च्या टाकून बसले होते. रॉइसने हार्लनला कॉफी दिली. हार्लनने ती पिऊन, पाणचट आहे, असं सांगितलं.

दुपारपर्यंत रांग चांगली लांबली. आत केंद्रावरच्या बायकांनी घरून जेवण आणलं होतं, म्हणजे प्रत्येकीने आपापलं विजेचं भांडं आणलं होतं. एकात बीन्स, एकात सॉसेज, एकात गरम चीज, शिवाय कॉफीचं मोठं पिंप. आमच्या शेडमध्ये भिंतीला प्लग एकच. तिथून एक वायर, तिला दुसरी, दुसरीला तिसरी. या असल्या वायरी लावू नका, हे हार्लन दरवर्षी शाळेत जाऊन पोरांना सांगतो.

आधी वास आला. मग टीगबाई मतपेटी पोटाशी धरून बाहेर आल्या, त्यांच्यामागे बाकीच्या बायका आणि सगळ्यांच्या मागे धूर. वायरीने पेट घेतला होता, आणि वायरीवरून आग मतदानाच्या पडद्यांवर चढली होती. हार्लन आत पळाला, भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं, खटका दाबला. चमचाभर पावडर पडली. ती नळकांडी भरून घेणं हेही नव्या करातूनच व्हायचं होतं.

"वेंडल, बंब आण," हार्लन खोकत मला ओरडून म्हणाला.

मी बंब चालू केला. टीगबाई मतपेटीसकट रेघेवर येऊन उभ्या राहिल्या.

"मतदान चालू आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, केंद्र पेटलंय."

"पेटू दे. पण केंद्र बंद झालेलं नाही. ही पाटी रेघेच्या आत आली आणि निकालावर कुणी आक्षेप घेतला, तर? सगळं मतदान पुन्हा घ्यायचं?"

रांगेतल्या लोकांनी मान डोलावली. रांग तशीच उभी होती, कुणी जागा सोडली नव्हती. धूर आला की सगळे मिळून थोडे डावीकडे झुकत, एवढंच. मी विचारलं, नुसता पाइप आत नेला तर चालेल का, पाइपवर काही लिहिलेलं नाही. बाईंना ते पटलं. पण पाइप रेघेपासून दारापर्यंतच पुरला. तो जुना पाइप फाटून फाटून, कापून कापून अर्धा झाला होता.

"झाकून आणा," टीगबाई शेवटी म्हणाल्या. "अक्षरं दिसली नाहीत तर माझी हरकत नाही."

एवढा मोठा बंब झाकेल असं कापड तिथे एकच होतं. सगळ्यांनी रॉइसकडे बघितलं. रॉइस उठला आणि आपल्या ताडपत्रीच्या गाठी सोडायला लागला. टीगबाई म्हणाल्या, 'नाही' आतल्या बाजूला घ्या. रॉइस म्हणाला, ते न सांगताही कळलं असतं.

आम्ही बंबावर ताडपत्री टाकली. ती एवढी मोठी निघाली की पुढची काचही झाकली गेली. मला हातातल्या स्टिअरिंगपलीकडे काही दिसेना. समोर मात्र आतल्या बाजूचं रॉइसचं 'नाही' होतं, तेवढं स्वच्छ वाचता येत होतं. बाहेरून हार्लन सांगायला लागला, डावीकडे घे. रॉइस सांगायला लागला, उजवीकडे घे. निवडणुकीत दोघं वेगवेगळ्या बाजूंना होते, तसेच इथेही. मी मधोमध नेला.

मधोमध शेडचा खांब होता.

टाकीचं पोट फाटलं आणि होतं नव्हतं ते सगळं पाणी एकदम शेडमध्ये शिरलं. वायर, पडदे, बीन्स, सॉसेज, सगळ्यांवरून जाऊन ते मागच्या दाराने बाहेर पडलं. आग विझली. आम्ही ती विझवली असं म्हणता येईल, आणि हार्लनने वर्तमानपत्रवाल्या बाईला तसंच सांगितलं.

टीगबाईंनी गवतावर चिलीच्या जेवणाची टेबलं मांडायला लावली आणि मतदान पुढे सुरू केलं. रांगेत सगळ्यात पुढे होत्या ओपल हचेन्स. वय नव्वदीच्या आसपास, आणि कुठल्याही कराला त्यांनी आजवर होय म्हटलेलं नाही. लिंकनच्या पुतळ्याला रंग लावायलासुद्धा नाही. त्यांनी खांबात घुसलेल्या बंबाकडे बघितलं, ताडपत्रीतून बाहेर पडायला धडपडणाऱ्या माझ्याकडे बघितलं, मग गुडघाभर भिजलेल्या चीफकडे.

"मिस ओपल," हार्लन अगदी गरीब आवाजात म्हणाला, "तुम्ही काय ठरवलंय ते विचारत नाही मी."

"विचार की. मी नाही म्हणायला आले होते. पण पैसे दिले नाहीत तर तुम्ही लोक माझ्याही घरी असेच याल."

हे रांगेत मागपर्यंत पोचलं. टीगबाई दोनदा ओरडल्या की केंद्रावर प्रचार नको, पण तोवर उशीर झाला होता. आणि मिस ओपल काही पाटी नव्हत्या, त्यामुळे त्यांना पंचवीस फूट लांब नेऊन उभं करता येईना.

रात्री साडेआठला काउंटीच्या कचेरीतून फोन आला. प्रस्ताव एक मंजूर. चांगल्या घसघशीत फरकाने. रॉइसने मत काय दिलं ते त्याने सांगितलं नाही, पण त्याने दुकानातून थंड बिअर आणली आणि तिचं बिल जुन्याच कराने लावलं. नेडीनने हार्लनचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याला चीफ म्हणाली. हार्लनचे डोळे भरून आले. ते धुराने, असं तो म्हणाला.

मग तो भाषण करायला बाकावर चढला. लोकांचा आपल्या कामावर विश्वास आहे, हेच आज सिद्ध झालं, तो म्हणाला, आणि बाक उलटला. घोट्यातून आवाज आला तो मलाही ऐकू आला.

नेडीनने शेजारच्या काउंटीला फोन लावला. नवा कर ऑक्टोबरपासून गोळा व्हायचा होता.

"ऑक्टोबरपर्यंत दम धर," ती त्याच्याशेजारी गवतावर बसत म्हणाली, आणि तिने त्याचा हात धरला.

अँब्युलन्स पन्नास मिनिटांनी आली. ड्रायव्हर नवा होता, त्याने हॉस्पिटलला कसं जायचं ते विचारलं. मी सांगतो, हार्लन स्ट्रेचरवरून म्हणाला. ते रस्ता चुकले.