वांझ मातीची चित्रं

लोक दोन दगडांवर पाय ठेवतात, आमच्या स्वरदाबाईंनी तीन दगडांवर ठेवला होता. स्वतः चित्रं काढायची, दुसऱ्यांच्या चित्रांची प्रदर्शनं मांडायची आणि वर त्यांच्यावर लिहायचंही. तिच्या स्वतःच्या चित्रांना फारसं कुणी विचारत नव्हतं, हे तिला मनातून खुपायचं. लेखणीनं मात्र नाव मिळवून दिलं होतं.

बारामतीत मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये तिनं वल्लरीचं प्रदर्शन मांडलं होतं. वल्लरी तिची कॉलेजपासूनची जिवाभावाची मैत्रीण, लग्न होऊन जवळच्याच अंथुर्णे गावात गेलेली. पाटाच्या पाण्यानं चोपण झालेल्या, मीठ फुटून काहीच उगवत नसलेल्या रानावर ती ओलं कापड अंथरायची, पांढरे डाग वाळू द्यायची आणि त्यावर काजळीनं रेघा ओढायची. स्वरदानं लेखाची सुरुवात केली होती, 'वल्लरी ही वांझ मातीची चित्रकार आहे.' मुंबईच्या गॅलरीवाल्यांना हे वाक्य इतकं आवडलं, की याच नावानं प्रदर्शन तिकडं न्यायचं ठरत होतं. छापण्याआधी लेख वल्लरीला पाठवला, तर ती म्हणाली, "तू लिहिलंयस ना? मग वाचायचं काय त्यात!"

उद्घाटनाच्या सकाळी स्थानिक पेपरात बातमी आली. वल्लरीचा हसरा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत तेच वाक्य, फक्त 'माती' गाळलेली. 'वांझ चित्रकार' एवढंच. जागा पुरली नसेल. स्वरदानं ते दोनदा वाचलं. वल्लरीला मूल नव्हतं. हे स्वरदाला काय ठाऊक नव्हतं? दवाखान्यांच्या वाऱ्या तिनंच सोबत केल्या होत्या. पण लिहिताना तिला फक्त माती दिसली होती आणि शब्दाचा ठसका. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

तिनं वल्लरीला फोनवर फोन केले. उचलला नाही. दुपारी वल्लरी हॉलवर आली ती सासूला घेऊन. यशोदाबाई खुर्चीत टेकल्या, पदर सावरला. भिंतीवर लेखातलं तेच पहिलं वाक्य चिकटवलं होतं; त्याची मोठाली अक्षरं त्यांनी एकेक करून वाचली.

"मावशी, पेपरवाल्यांनी चूक केली," स्वरदा म्हणाली.

"त्येंनी चूक केली आसंल. पर शबूद कुणाचा?" यशोदाबाईंचा आवाज चढला नव्हता. "गाव काय म्हणायचं ऱ्हातंय व्हय? पर माज्या उंबऱ्याच्या आत ह्यो शबूद मी कंदी येऊ दिला न्हाय. माज्या सख्ख्या बहिणीनं काढला, तर तिला जेवत्या ताटावरनं उठवली. आन् तू? आमच्याच घरात जेवलीस, आन् छापून धाडलास."

स्वरदाला रडू आवरेना. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि नखांनी भिंतीवरची अक्षरं सोलू लागली. खिशातला फोन वाजत होता, मुंबईचा. तिनं तो बंद केला. "नाव बदलते, वल्लरी. लेखच काढून टाकते. मुंबईला नाही सांगते."

वल्लरी खाली उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्याचीच स्वरदाला जास्त भीती वाटली.

"मुंबईला नाही कशाला सांगतेस?" वल्लरी म्हणाली. "वाक्य चांगलं आहे गं. आता माझं नाव निघालं, की लोकांना तेच आठवणार."