दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं

चमचा कपाला लागून किणकिणला. कोरीनने वळून पाहिलं. बाबांच्या कॉफीत साखर नसते, तरी ते चमचा फिरवत होते. म्हणजे काहीतरी बोलायचं होतं.

"कॅम्पर गाडीवर एकटीने चढवायचा. मी खूण करणार नाही, डेलही नाही. तुला जमलं तर या हंगामात तो तुझा. नाहीतर डेल नेईल."

"बाबा, ठरलंय ते."

"वर डोंगरात तळ्याकाठी कोण येणार आहे खुणा करायला?"

ते खरंच होतं. तळ्याकाठच्या तंबूतळावर तिला उन्हाळाभराचं राखणदारीचं काम मिळालं होतं, पण राहायची सोय स्वतःची. त्याच संध्याकाळी पाचला तिथल्या फाटकाशी हजर, नाहीतर काम दुसऱ्या माणसाला. नवऱ्याशी काडीमोड झाल्यावर दोन वर्षं ती पाच वर्षांच्या विलाला घेऊन माहेरच्या मागच्या खोलीत राहत होती. बाबा कधी वावगं बोलले नाहीत. पण आपल्या पोरीला आपल्या चुलीवरचं खाऊ घालावं, हे तिच्या मनातून जाईना.

अंगणात खाली ओंडके आणि कोपऱ्यांना जॅकचे चार पाय, असा कॅम्पर उभा होता. एक शेगडी, एक पलंग, दोन खिडक्या. पिकअपच्या हौद्यात सरकवायचं अख्खं घर. विला कुंपणावर चढून बसली होती. शेजारी डेल, कोरीनचा धाकटा भाऊ, सूर्यफुलाच्या बिया थुंकत.

"ताई, गाडीचा मागचा फाळका काढलास ना? की गेल्या खेपेसारखा चेपवायचाय?"

"पहाटेच काढलाय. तुझं तोंडही काढून ठेवायला हवं होतं."

विला खिदळली.

कोरीनने जॅक फिरवायला घेतले. प्रत्येकाला सहा फेरे, मग पुढचा. एका कोपऱ्याला झुकतं माप द्यायचं नाही. तिसऱ्या फेरीला आत खडखडाट झाला आणि कप घरंगळले. पुढचा डावा पाय मातीत रुतत होता! काल शेताला पाणी सोडलं होतं, ते अंगणापर्यंत झिरपलेलं. पायांखाली फळ्या घालायला ती विसरली होती.

"झालं!" डेल कुंपणावरून उतरला. "सोड, मी घेतो आता."

"तू जागचा हललास तर बघ."

तिने जीभ चावली आणि उलटे फेरे सुरू केले. चारही कोपरे हळूहळू उतरवत कॅम्पर पुन्हा खालच्या ओंडक्यांवर टेकवला. गोठ्यातून जाड फळ्या आणून चारही पायांखाली सारल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दंड भरून आले. बाबा पायरीवर बसून होते.

कॅम्पर पुरेसा वर गेला तेव्हा तिने खुंट्या ठोकल्या आणि गवताचे भारे बांधायची सुतळी अंगणभर ताणली. दोन सरळ, समांतर रेघा.

"बटाटे लावतेस काय गं?" डेलने विचारलं.

"हो. बाराव्या वर्षापासून लावतेय. माझी सरी कधी वाकडी गेली होती का? तुझी मात्र थेट नदीला पाणी प्यायला जायची."

बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

ती गाडीत बसली. डावा आरसा, डावी सुतळी. उजवा आरसा, उजवी सुतळी. चाकं त्यांच्या मधोमध ठेवून, गोगलगायीच्या चालीने मागे, कॅम्परखाली. बाबांचा उजवा हात आपसूक वर आला. त्यांनी दुसऱ्या हाताने तो धरला आणि खिशात कोंबला. कोरीनला ते आरशात दिसलं. डोळे भरून येणार होते, पण डोळ्यांना आत्ता काम होतं.

अलगद धक्का बसला. गाडी थांबली.

मग ती उतरली आणि चारही कोपरे पाळीपाळीने खाली घेतले. कॅम्पर हौद्यात टेकला तशी गाडीची मागची बाजू दबली, सामान लादलेलं घोडं दबतं तशी. चारही साखळ्या घट्ट आवळल्या, दिव्यांची वायर जोडली.

बाबा लंगडत आले. गाडीभोवती एक फेरी मारली, हौदा आणि कॅम्परमधल्या डावीकडच्या फटीत दोन बोटं घातली, मग उजवीकडच्या.

"नशीब!" डेल म्हणाला.

"नशीब एका बाजूला दोन बोटं देतं," बाबा म्हणाले. "दोन्ही बाजूंना मोजून दोन-दोन नाही देत." मग किल्ल्यांचा जुडगा कोरीनच्या हातावर ठेवला आणि तळवा क्षणभर तसाच दाबून धरला. "जा पोरी. उशीर करू नकोस."

डेलने फाटक उघडलं. गाडी बाहेर पडताना टोपी काढून तो घसा ताणून ओरडला, "ताई, शरदात कॅम्पर मला शिकारीला देशील ना?"

"एकट्याने चढवलास तर!"

कोरीनने हॉर्न असा वाजवला की कालव्यावरची बदकं उडाली. रस्ता डोंगराकडे चढू लागला. मागे कप किणकिणत होते, शेगडी होती, पलंग होता. विला सीटवर गुडघे टेकवून मागच्या काचेतून कॅम्परच्या खिडकीकडे बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आपण घरातून निघालोय, की घरीच आहोत?"