तुरटीचा खडा

विहीणबाई आल्या त्या एकाच पिशवीनिशी, आणि त्या पिशवीत कपड्यांपेक्षा बाटल्या जास्त होत्या. सुनेला डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही असं बजावलं होतं. तिची आई मदतीला येणार हे ठरलेलंच होतं. आजोबांची त्याला काही हरकत नव्हती. उलट त्यांनी पुढच्या खोलीतल्या दिवाणाचा करकरणारा पाय नीट केला, चादर बदलली, वर एक जादा उशीही ठेवली. माणूस वाईट नव्हता हो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटायची शक्यता आहे.

आजोबांनी चाळीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात सुतारकाम केलं होतं. कारखाना सुटला तरी हात स्वस्थ बसेनात, तेव्हा ते घराच्या मागे लागले. बिजागऱ्या, नळ, छत्र्या, चष्म्याच्या काड्या, कुणाची सुटका नव्हती. आणि या सगळ्याला एक प्रेक्षक होता, नात. नऊ वर्षांची. गालावर बारीक तीळ, म्हणून सगळे तिला ठिपकी म्हणत. ठिपकीकडे लाल पुठ्ठ्याची एक वही होती. वर लिहिलेलं, ‘घरच्या युक्त्या’. आजोबांनी काही दुरुस्त केलं की ती ते वहीत उतरवायची आणि शेवटी एक रेघ ओढून सांगणाऱ्याचं नाव लिहायची.

‘युक्ती १. खण अडकत असेल तर कडांना मेणबत्ती घासावी. — आजोबा.’

‘युक्ती १७. स्क्रूचं भोक सैल झालं तर काडेपेटीच्या काड्या गोंद लावून भोकात ठोकाव्या, वरचं मोडून टाकावं, मग स्क्रू पिळावा. — आजोबा.’

अशा एक्केचाळीस युक्त्या, आणि एक्केचाळीस वेळा आजोबा. जेवण झालं की ते मुद्दाम म्हणत, “आण गं ती वही, बघू कुठवर आलंय.” वाचायला चष्मा लागायचा, पण ते नाव त्यांना बिनचष्म्याचं दिसायचं.

विहीणबाईंची तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात गेली होती. जगातला असा डाग नव्हता ज्याच्याशी त्यांची ओळख नव्हती. त्या आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी ठिपकी शाळेच्या आवारात पडली आणि फुटलेल्या गुडघ्याचं रक्त फ्रॉकला माखून घरी आली. आजोबांनी औषध लावलं, पट्टी बांधली आणि मोठ्या अधिकाराने म्हणाले, “फ्रॉक कडकडीत पाण्यात टाका, पाच मिनिटांत साफ होतो की नाही बघा.”

“अहो व्याहीबुवा, नको नको!” विहीणबाई धावतच आल्या. “गरम पाण्याने रक्त कपड्यात शिजतं. मग जन्मात निघत नाही. गार पाणी घ्यायचं आणि चमचाभर मीठ.”

फ्रॉक अर्ध्या तासात स्वच्छ झाला. ठिपकीने तोंडात बोट घातलं. “आज्जी, तुला हे कुणी शिकवलं गं?”

युक्ती बेचाळीस. रेघ. आज्जी.

आजोबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या युक्तीमुळे नव्हे. त्यांना झोंबलं ते ‘तुला’. ठिपकी त्यांना पहिल्यापासून ‘तुम्ही’ म्हणायची. सुनेनेच तसं वळण लावलं होतं, मान म्हणून, आणि आजोबांना त्याचं कौतुकही होतं. आणि ही बाई काल पिशवी घेऊन येते काय आणि लगेच ‘तू’ होते काय! त्यानंतर घरभर तेच ऐकू यायला लागलं. आज्जी, तू बघ ना. आज्जी, तू इथे बस. मान म्हणजे काय ते आजोबांना कळलं. लांब ठेवलेली खुर्ची, दुसरं काय!

मग तर युक्त्यांची रांगच लागली. अरुंद तोंडाच्या बाटलीत तांदूळ आणि पाणी घालून खळखळवलं की तळ चकचकीत होतो. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. अडकलेल्या चेनवर पेन्सिलचं टोक फिरवावं. शर्टाच्या बटणाच्या दोऱ्यावर नेलपॉलिशचा थेंब लावला की बटण तुटत नाही. आज्जी, आज्जी, आज्जी. हातमोज्याची बोटं कापून बाहुल्या झाल्या, जुन्या चादरीच्या पट्ट्या वेणीसारख्या विणून पायपुसणं झालं. आजोबा रोज त्या पायपुसण्याला वळसा घालून जात. त्याच्यावर त्यांनी एकदाही पाय ठेवला नाही.

पोटात दुखणारा माणूस काय काय करतो पाहा. एका सकाळी आजोबांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा स्क्रू स्वतःच ढिला केला. मग ठिपकीला हाक मारली. “अरेरे, स्टूल डुगडुगतंय बघ. आता काय करायचं बरं?” ठिपकी आली, वाकून पाहिलं, काडेपेटी उचलली, गोंद काढला, पाच मिनिटांत स्टूल पक्कं केलं आणि म्हणाली, “ही सतरावी, आजोबा. मला येते. तुम्ही आराम करा.” आणि आज्जीकडे पळाली. आराम करा! आजोबा त्या पक्क्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले.

त्यातच शाळेतून चिठ्ठी आली. पुढच्या शनिवारी प्रत्येक मुलाने घरातलं एक मोठं माणूस आणायचं, आणि त्या माणसाने वर्गाला हाताने करायची एक गोष्ट शिकवायची. एकच माणूस. ‘एकच’ या शब्दाखाली बाईंनी दोन रेघा मारल्या होत्या.

“मग, कोण येतंय?” आजोबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं.

ठिपकी विचारात पडली. विचारात! महिन्यापूर्वी तिला विचार करावा लागला नसता. “आज्जीचा मुखवटा कसा होतो ते बघते,” ती म्हणाली, “मग सांगते.”

मुखवटा घुबडाचा होता. फुगवलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने एकावर एक चिकटवायच्या, चार दिवस वाळू द्यायचं, मग फुगा फोडायचा आणि रंगवायचं. विहीणबाई गॅसपाशी खळ ढवळत होत्या. ठिपकी पट्ट्या फाडत होती.

“खळीत तुरटीची पूड घालायची,” विहीणबाई सांगत होत्या. “नाहीतर मैदाच तो, मुंग्यांना आयतं जेवण. तुरटी असली की मुंगी चव घेऊन माघारी जाते. व्याहीबुवा, तुमच्या दाढीच्या डब्यात खडा असेल ना? जरा द्या की.”

आजोबा उठले. दाढीच्या डब्यात तुरटीचा खडा होताच, कापल्यावर लावायचा. तो त्यांनी हातात घेतलाही. पण दाढीच्या डब्याशेजारीच त्यांची खोकल्याची बरणी होती, खडीसाखरेची. दोन्ही खडे शेजारी शेजारी, पांढरे, काचेसारखे, बघणाऱ्याला जुळे वाटावेत असे. आजोबा तिथे उभे राहिले. आतून ठिपकीचा आवाज आला, “आज्जी, तू किती हुशार आहेस गं!”

त्यांनी तुरटी परत ठेवली. खडीसाखरेचे दोन खडे खलबत्त्यात चांगले बारीक कुटले, म्हणजे खड्याची ओळख पटायला नको, आणि वाटी नेऊन दिली.

“कुटूनसुद्धा आणलीत!” विहीणबाई म्हणाल्या. “तुमच्यासारखा व्याही मिळायला भाग्य लागतं.”

 आजोबांनी ती वाटी स्वतःच्या हाताने खळीत उपडी केली.

मुखवटा गच्चीच्या जिन्यात, उन्हाच्या तिरिपेला टांगला गेला. ठिपकीने वहीत लिहिलं, ‘युक्ती ५८. खळीत तुरटी घातली की मुंग्या येत नाहीत. — आज्जी.’ आजोबा दिवसातून चारदा काहीतरी निमित्त काढून जिन्यात जात. एक-दोन मुंग्या येतील, मुखवटा जरा बिघडेल, बाईची शेखी थोडी उतरेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठिपकीची किंकाळी ऐकू आली. भिंतीवरून काळी रेघ उतरली होती आणि घुबडाला चेहराच उरला नव्हता. नुसतं वळवळत होतं. डोळ्यांसाठी सोडलेल्या भोकांतून मुंग्या आत-बाहेर करत होत्या. ठिपकी मुखवटा हातात धरून रडत होती, मुंग्या तिच्या मनगटावर चढत होत्या तरी सोडत नव्हती. आजोबांनी तो ओढून घेतला, तिचे हात झटकले, नळाखाली धरले.

“तू तर म्हणाली होतीस मुंग्या येत नाहीत!” ठिपकी आज्जीवर ओरडली.

विहीणबाईंनी मुखवट्याचा एक तुकडा तोडला. निरखला. मग जिभेच्या टोकाला लावला. आणि आजोबांकडे पाहिलं. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “ही युक्ती काही खरी नाही बघ. खोडून टाक.”

ठिपकीने डोळे पुसत वही आणली आणि अठ्ठावन्नाव्या युक्तीवर लाल फुली मारली. “शाळेत तुम्हीच या, आजोबा,” ती म्हणाली. “तुमच्या युक्त्या फसत नाहीत.”

आजोबा जिंकले. दुपारी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा विहीणबाई भांडी पुसत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, “खोकला कसा आहे, व्याहीबुवा? खडीसाखर बरीच खाल्लीत. बरणीचा तळ दिसायला लागलाय.”

एवढंच. आरडाओरडा नाही, लेकीकडे तक्रार नाही. आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला. बाईने चार शब्द सुनावले असते तर उलट चार ऐकवता आले असते! पण त्याहूनही एक गोष्ट त्यांना सुखाने बसू देईना, आणि ती सुताराची होती. युक्ती खरी होती. चाळीस वर्षं त्यांनी खोटा सांधा कधी रंगाखाली लपवला नव्हता. आणि आता त्या लाल वहीत एक खरी गोष्ट खोटी म्हणून फुली खाऊन पडली होती.

शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वर्गात सतरावी युक्ती दाखवली. मुलांनी काड्या ठोकल्या, टाळ्या वाजवल्या. ठिपकीची मान ताठ झाली होती. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. “आजोबा, आम्ही कागदाचा हत्ती केलाय. त्याला मुंग्या लागू नयेत म्हणून काय करायचं?”

आजोबांनी तोंड उघडायच्या आत ठिपकीच उभी राहिली. “काही करता येत नाही. तुरटी घालतात म्हणतात, पण ते खोटं आहे. आमच्या आज्जीची युक्ती होती, पण तिला काही नीट माहीत नसतं.”

तिला काही नीट माहीत नसतं. महिनाभर आजोबांना नेमकं हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं आणि मान खाली गेली. खोटं बोलणं सोपं होतं. नुसतं गप्प बसलं असतं तरी भागलं असतं.

“ते खरं आहे,” ते म्हणाले. “तुरटीने मुंग्या येत नाहीत. आपल्या खळीत तुरटी नव्हतीच. मी खडीसाखर दिली होती.”

वर्गात कुणीतरी हसलं. ठिपकी हसली नाही. “चुकून ना?” तिने विचारलं.

बाई बघत होत्या. तीस मुलं बघत होती. “नाही,” आजोबा म्हणाले.

ठिपकीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. “तू?” ती म्हणाली. “तू मुद्दाम दिलीस?”

महिनाभर ज्या शब्दासाठी जीव तळमळत होता तो असा मिळाला.

घरी येताना ती दहा पावलं पुढे चालत होती. दारातूनच धावत आज्जीकडे गेली आणि सगळं भडाभडा सांगितलं. आजोबा चपला काढत दाराशीच थांबले.

“ठाऊक होतं गं मला,” विहीणबाईंचा आवाज आला. “जिभेला गोड लागलं की.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी काय, बाळ जरा मोठं झालं की जाणार. इथे रोज असणार ते आजोबा. तुझ्या वहीतलं त्यांचं नाव कशाला बिघडवायचं?”

आजोबांनी एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली. यातही बाई वरचढ! इतकं झालं, तरी पहिला विचार मनात तोच आला, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःची शरम वाटली.

संध्याकाळी ठिपकीने वही त्यांच्या मांडीवर टाकली आणि न बोलता निघून गेली. आजोबांनी चष्मा चढवला. अठ्ठावन्नाव्या युक्तीवरची लाल फुली रबराने खरडून काढली होती. कागद तिथे विरला होता, पण आज्जीचं नाव वाचता येत होतं. तिच्याखाली नवी युक्ती होती. अक्षर इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उमटलं होतं.

‘युक्ती ५९. तुरटी वापरण्याआधी चाटून बघावी. आजोबांनी दिली असली तरी.’

पुढे रेघ होती. त्या रेघेपुढे या वेळी आजोबा नव्हते, आज्जीही नव्हती. लिहिलं होतं, ‘मी.’