वांग्याचं पथ्य

सकाळी चहाचा कप आवडाबाईच्या हातून निसटला आणि फुटला. रंगरावांनी कपाकडे पाहिलंच नाही, बायकोच्या बोटांकडे पाहिलं. पेरं पुन्हा टम्म सुजली होती. या माणसाची तऱ्हाच अशी की भीती वाटली की आधी राग येतो.

"परवा मारोतीच्या भंडाऱ्यात वांगं खाल्लं ना तुनं?"

"नाई खाल्लं."

"खोटं नको बोलू मले."

कामरगावजवळ रंगरावांचा भाजीचा मळा. दोन वर्षांपूर्वी आवडाबाईला संधिवात जडला. म्हातारपणाची गुडघेदुखी नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एकदा घ्यायची गोळी दिली. औषधात हयगय झाली तर बोटं कायमची वाकडी होतील, हेही बजावलं. रंगरावांनी त्या गोळीला स्वतःचं पथ्य जोडलं. वांगं वातूळ, आलू वातूळ, तुरीच्या डाळीचं आणि दह्याचं तर नावच नको. पिकावर रोग आला की खत-पाणी बदलायचं, एवढं एकच शास्त्र त्यांना ठाऊक. तेच बायकोला लावलं. तिला मोह नको म्हणून फळांनी लगडलेली वांग्याची झाडं उपटून बांधावर फेकली आणि स्वतःही वांगं सोडलं. वऱ्हाडातल्या माणसानं वांगं सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला नाही कळायचं. बायकोवर त्यांचा जीव होता यात शंका नाही. शंका होती ती अकलेची.

कारण आवडाबाईची सूज उतरली, ती पुन्हा मेथीच्या जुड्या बांधू लागली, आणि रंगरावांनी सगळं श्रेय पथ्याला देऊन टाकलं. बाजारात गुडघे धरून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते भाजीबरोबर सल्लाही फुकट देऊ लागले. मग एक दिवस घरी म्हणाले, "पथ्यानं बरं वाटून राह्यलं, तं गोळी कायले? पोट जाळते ते." आवडाबाईनं गोळी बंद केली. ज्यानं आपल्यासाठी उभी वांगी उपटली, त्याला नाही कसं म्हणायचं?

आणि आता ही सूज. रंगरावांनी सुनेला हाक मारली.

"समीक्षा, पंगतीत तू बाजूले होती ना हिच्या? हिच्या पत्रावळीवर वांग्याची भाजी वाढली होती का नाई?"

समीक्षानं सासूकडे पाहिलं. "वाढली होती, मामाजी."

"मंग गेली कुठं?"

समीक्षा फुटक्या कपाचे तुकडे वेचू लागली. रंगराव उभेच होते. मारोतीचा भंडारा म्हटला की गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी आलीच, आणि त्या पानात कोणी काही टाकत नाही. म्हणजे खाल्लीच असणार. त्यांचा आवाज चढला, "सांगत काहून नाई कोणी?"

"उकिरड्यावर टाकली!" आवडाबाई ओरडली. या घरात तिचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "पत्रावळीत गुंडाळली आन टाकली. मारोतीचा परसाद! जलमात असं केलं नव्हतं म्या. तुमच्या भेवानं केलं. त्याच्याच पायी सुजले माहे हात. देव कोपला."

रंगरावांना वाटलं, तिनं वांगं खाल्लं असतं तर किती बरं झालं असतं! दोष द्यायला काहीतरी राहिलं असतं. आता एकच गोष्ट उरली होती आणि ती त्यांना मनातही आणायची नव्हती.

"आवर," ते म्हणाले. "वाशिमले जाऊ."

बसमध्ये तिला दांडा धरता येईना. ते तिच्या कोपराला धरून उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट दाबून पाहिलं, नवा एक्सरे उजेडाला धरला आणि विचारलं, "गोळी चालू आहे?"

"वांगं तं पूर्ण बंद हाय, म्याडम," रंगराव घाईनं म्हणाले. "आलूबी. डाळबी."

"डाळ कोणी बंद करायला सांगितली? किती वाळल्यात या! एखाद्याला एखादा पदार्थ बाधतो, त्यानं तेवढा टाळावा. बाकी भाजी, डाळ, जवसाची चटणी, सगळं खायचं. चांगल्या जेवणानं थोडा आराम पडतो, ताकद राहते. पण सांधे वाचवते ती गोळी. ती कोणी थांबवली?"



"मीच इसरली, म्याडम," आवडाबाई म्हणाली.

मग डॉक्टरीणबाई तिच्यावर अशा घसरल्या की विचारू नका. रंगरावांच्या वाट्याची बोलणी ती खाली मान घालून खात होती आणि रंगराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. शेवटी बाईंनी एक्सरे खाली ठेवला. "आज रक्त तपासू, औषध पुन्हा सुरू करू. सूज उतरेल. पण उजव्या हाताची ही दोन बोटं आता सरळ होणार नाहीत."

"ते नाई इसरली!" रंगराव एवढ्या मोठ्यानं बोलले की बाहेर बाकावर बसलेल्यांनी आत डोकावलं. "म्या बंद कराले लावली. ते खाऊन राह्यली होती, म्या बंद केली."

डॉक्टरीणबाईंनी औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. आवडाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं खुर्ची थोडी पुढे सरकवली, टेबलाजवळ.

"काय खाऊ, काय नोको, ते आता मले सांगा, म्याडम," ती म्हणाली. "ह्यायले नका सांगू."