न दाबलेलं बटण

मी स्टॉपवॉच आहे. माझ्या जातीला दोनच कामं येतात, सुरू होणं आणि थांबणं. बोलायचं काम आजवर कधी केलं नाही. पण एकदा माझ्या नावावर खोटी साक्ष दिली गेली आणि मी गप्प राहिलो. ते अजून सलतंय, म्हणून सांगतो.

अमेरिकेतल्या पिओरिया शहरातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानातून लोवेल प्रुइट यांनी मला विकत घेतलं, त्याला सत्तावीस वर्षं झाली. लोवेल एका मोठ्या बेसबॉल संघाचे पारखी, म्हणजे खेळाडू हेरणारे. मोठ्या संघाच्या हाताखाली लहान गावांत धाकटे संघ असतात. तिथं पोरं पिकतात, म्हणून त्या सगळ्या पसाऱ्याला ही माणसं 'शेत' म्हणतात. शेतात दीड-पावणेदोनशे पोरं, आणि दरवर्षी त्यांतल्या तिसांची क्रमवारी लागते. यादीतल्या पोराला एक वर्ष वाईट गेलं तरी सांभाळून घेतात. यादीबाहेरच्याला घरी धाडायला एक सकाळ पुरते.

लोवेल गावोगाव मोटार हाकत जायचे, फळ्यांच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळायचे आणि मला उजव्या मुठीत धरायचे. बॅट चेंडूला लागली की टिक, पोराचा पाय पहिल्या बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या पहिल्या टप्प्यावर, पडला की पुन्हा टिक. चार पॉइंट एक सेकंद म्हणजे वारा. चार पॉइंट चार म्हणजे नांगराचा बैल.

माणसांची एक खोड मला लवकर कळली. आवडत्या पोराच्या वेळी अंगठा किंचित लवकर उतरतो आणि नावडत्याच्या वेळी किंचित रेंगाळतो. त्यांना स्वतःलाही ते कळत नाही. लोवेलचा अंगठा त्यातल्या त्यात सरळ. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू?

मग ती जुलैची दुपार आली. आयोवातलं मार्लो फॉल्स, मैदानाच्या कुंपणापलीकडे मक्याची शेतं, आणि ऊन असं की बाकाला हात लावला तर चटका बसावा. लोवेल अडुसष्ट वर्षांचे होते. आदल्या दिवशीचा सामना संपवून तीनशे मैल गाडी चालवत आले होते. यादी करणाऱ्या डेनिस कोव्हाल बाईंनी हिवाळ्यात सहज विचारलं होतं, "लोवेल, प्रवास झेपतोय ना?" तेव्हापासून त्या प्रश्नाची त्यांनी धास्ती घेतली होती.

त्या दिवशी त्यांना एलिएसर तावारेसला पाहायचं होतं. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा एकवीस वर्षांचा डावखुरा पोरगा, यादीत अठरावा. फटके जेमतेम, त्याची सगळी पुंजी पायांत.

मोहरी लावलेला सॉसेज पाव खाल्ला, रक्तदाबाची गोळी घेतली, आणि तिसऱ्या डावात लोवेलची मान छातीवर पडली. मी मुठीतून घसरून त्यांच्या मांडीवर आलो. चौथ्या डावात एलिएसरनं चेंडू जमिनीलगत मारला आणि तो धावला. मला त्याच्या पावलांचा आवाज ऐकू आला. पण कुणी बटण दाबलंच नाही.

सहाव्या डावात लोवेल दचकून जागे झाले. शेजारी एक म्हातारी बाई वहीत धावा टिपत होती. लोवेलनी तिला हळूच विचारलं, "काही विशेष झालं का हो?"

"तो तावारेस पळाला ना! चुलीवर दूध ठेवून आल्यासारखा," बाई म्हणाल्या. मग वहीतून मान वर करून, "डुलकी लागली होती वाटतं?"

"छे. डोळे मिटून ऐकत होतो," लोवेल म्हणाले.

पुढं एलिएसरला पळायची संधीच मिळाली नाही. संध्याकाळी मोटारीत बसून लोवेलनी कागद भरला. 'बेसपर्यंतची वेळ' या चौकोनापाशी पेन अडलं. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर शून्य होतं. बाईंचं बोलणं ते विसरले नव्हते, पण मागच्या वर्षी कुणीतरी एलिएसरबद्दल 'कंबर जड होतेय' असं लिहिलेलंही त्यांना आठवत होतं. त्यांनी चार पॉइंट चार लिहिलं.

आठवड्यानं डेनिसबाईंचा फोन आला. "चार पॉइंट चार? तावारेस? त्या मैदानावर आपला कॅमेरा नव्हता, म्हणून विचारतेय. खात्री आहे ना?"

"डेनिस, तू मला किती वर्षं ओळखतेस? माणूस चुकेल. घड्याळ कशाला खोटं बोलेल?"

मी त्यांच्या खिशात होतो. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

नव्या यादीत तीस नावं होती. एलिएसरचं नव्हतं.

मार्चमध्ये फ्लोरिडात सराव सुरू झाला. मागच्या बाजूच्या मैदानावर एलिएसर धावला तेव्हा लोवेलचा अंगठा नीट पडला. चार पॉइंट शून्य पाच. दुसऱ्यांदा, चार पॉइंट शून्य सात. 'उद्या डेनिसला सांगतो,' असं लोवेल स्वतःशी पुटपुटले. असे चार उद्या गेले.

पाचव्या सकाळी पोरांना एकेक करून आत बोलावलं जात होतं. एलिएसर बाहेर आला तो बॅग घेऊनच. मग लोवेल डेनिसबाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "पाच जणांना सोडायचं होतं. चार नावं ठरली, पाचवं ठरेना. म्हणून मी तुमचा कागद काढला, लोवेल. तुमचा होता म्हणून काढला."

"त्याला परत बोलाव ना."

"त्याची जागा सकाळीच दुसऱ्याला दिली. मी वर बोलून बघते. पण तुम्ही चार दिवस आधी आला असतात तर विचारायचीही गरज नव्हती."

विमानतळाची गाडी यायची होती. एलिएसर फाटकाशी बॅगेवर बसला होता. लोवेलनी त्यालाही सांगितलं, काही न लपवता. सांगून झाल्यावर मला पुढं केलं. "पोरा, एकदा पळून दाखव. मी खरी वेळ लिहून देतो. सगळ्या संघांना पत्र पाठवतो."

एलिएसर उठला नाही. "मी किती पळतो ते मला ठाऊक आहे, मिस्टर प्रुइट. ठाऊक नव्हतं ते तुम्हाला."

लोवेलनी पुढं केलेला हात मागं घेतला.

"पत्र लिहा," तो म्हणाला. "पण आकडा नको. त्या दिवशी तुम्ही झोपला होतात, एवढं लिहा."

गाडी आली. त्यानं बॅग स्वतःच उचलून आत टाकली.

लोवेलनी पत्र लिहिलं. एका वाक्याचं, खाली सही. स्वतःच्या संघाला आणि बाकीच्या सगळ्या संघांना. त्यानंतर कामावर राहण्याचा प्रश्नच उरला नाही. एलिएसरला मेक्सिकोतल्या एका संघानं घेतलं म्हणतात, कुणी म्हणतं तो बानीत मामाच्या गॅरेजात आहे. खरं काय ते लोवेलनाही माहीत नाही. दोनदा फोन लावला होता, कुणी उचलला नाही.

आता मी स्वयंपाकघरातल्या खणात असतो, रबरबँड आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीला. माझे आकडे पुसट होत चाललेत. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या शाळेत धावणं शिकवणाऱ्या बाई मला मागायला आल्या. लोवेलनी मला लगेच दिलं नाही. आधी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि मार्लो फॉल्सची दुपार सांगितली. सांगताना ते बाईंकडे पाहत नव्हते, खिडकीकडे पाहत होते.

उद्या मी त्या बाईंच्या गळ्यात असेन. त्यांच्याकडे आणि माझं बटण दाबणाऱ्या प्रत्येकाकडे माझं एकच मागणं आहे. थकलात तर थकलात. डोळा लागला तर लागू द्या. पण मग कागदावरचा तो चौकोन रिकामा सोडा.